उत्तरेची हिरवी भिंत

चार वर्षांपूर्वी, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठ दिवस आधी, मी स्वतःच्या हातानं गावच्या महादेवाच्या देवळावर अ‍ॅसिड ओतलं. पुढं जे काही कळलं ते या चुकीतूनच कळलं, म्हणून ती आधी सांगून टाकते.

मी अठ्ठावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. शैवालं, बुरशी, दगडफूल हा तर माझा आवडता भाग. निवृत्तीनंतर सासरच्या गावी, धुळे जिल्ह्यात पांझरा नदीच्या काठावर, राहायला आले आणि देवळाची भिंत काळी दिसली तेव्हा वर्गात शिकवलेलं एक अक्षर आठवलं नाही. चारचौघांसारखी मलाही ती घाणच वाटली. आखाजीला माहेरवाशिणी येणार, देऊळ कसं लख्ख दिसलं पाहिजे, असं पंचांचं म्हणणं होतं. दुकानातून संडास-बाथरूमचं अ‍ॅसिड आलं, तारेचे ब्रश आले. आम्ही पंधरा जण दोन दिवस घासत होतो. फेस यायचा, धूर निघायचा आणि दगड खालून करडा-काळा उघडा पडायचा. फार समाधान वाटलं. फोटोही काढले.

देऊळ लहान आहे. गर्भगृह, अंतराळ आणि सोळा खांबांचा मंडप. आपल्याकडं ज्याला हेमाडपंती म्हणतात त्यातलं, म्हणजे चुना न घालता दगडावर दगड बसवलेलं. शिखर कधीच पडलं. त्या जागी कुणीतरी नंतर विटा-चुन्याची घुमटी केली. साक्री तालुक्यातल्याच बळसाण्याच्या देवळांची काळजी केंद्राचं पुरातत्त्व खातं घेतं. चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावरच्या देवळाचंही तसंच. आमचं देऊळ कुठल्याच यादीत नाही. ते मी नंतर तपासलं. खरं म्हणजे हात लावायच्या आधीच तपासायला हवं होतं. संरक्षित वास्तू असती तर आमचा तो दोन दिवसांचा उत्साह सरळ गुन्हा ठरला असता.

पंधरवड्यात भिंतीवर पांढरी पूड फुटायला लागली. बोट फिरवलं की खडूसारखी लागायची, जिभेला खारट. मग विटकरी ठिपके आले. तारेच्या ब्रशच्या तुटलेल्या काड्या दगडाच्या खाचांत अडकल्या होत्या आणि त्या गंजत होत्या. सगळ्यात वाईट नुकसान मात्र जवळून पाहिल्याशिवाय कळत नव्हतं. आमच्या दगडात पांढऱ्या गारा आहेत. लाव्हा थंड होताना त्यात वायूंचे बुडबुडे राहतात आणि पुढं त्या पोकळ्यांत खनिजं भरतात. जळगावकडच्या खाणींतून जगभरच्या हौशी लोकांकडं जातात ना, ते झिओलाइटचे स्फटिक, त्यांचेच हे गरीब भाऊबंद. अ‍ॅसिडनं काळ्या दगडाला फारसं केलं नाही, पण या गारा खाल्ल्या. खांबाच्या तळाशी एका हंसाच्या पंखावर मी वीतभर जागेत सतरा नवी छिद्रं मोजली. मसुरीच्या दाण्याएवढी. पाऊस आला की त्या प्रत्येकात पाणी थांबणार.

आणि पाऊस आलाच. श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी उत्तरेची भिंत आधी कधी नव्हती इतकी हिरवी झाली. बेल वाहायला आलेल्या एका म्हातारबानं माझ्याकडं बघून म्हटलं, "काया दगड कायाच राही, बाई." हिरव्या भिंतीसमोर उभं राहून काळ्या दगडाचं सांगत होता, पण त्याला काय म्हणायचं ते मला बरोबर लागलं.

तेव्हा कुठं माझ्यातली मास्तरीण जागी झाली.

भाद्रपदात भिंतीवरचा काळा थर नखाएवढा खरवडून कागदात बांधला आणि जुन्या कॉलेजात घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब टाकून पाहिलं. जिला आम्ही काजळी समजत होतो त्या थरात गोल गोल पेशींचे पुंजके होते. दोन-दोन, चार-चार, आणि प्रत्येक पुंजक्याभोवती जेलीसारखं आवरण. ग्लिओकॅप्सा. नीलहरित शैवालांतलं हे एक घराणं, मी शेकडो मुलांना फळ्यावर काढून दाखवलेलं. त्या आवरणात गडद रंगद्रव्य असतं. ते उन्हातले अतिनील किरण अडवतं. आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात जगायचं तर छत्री लागणारच. देवळाचा काळेपणा म्हणजे या जिवांच्या छत्र्या.

यातून माझी मोठी चूक कळली. वैशाखात हे शैवाल वाळून निपचित पडलेलं असतं. मेलेलं नसतं. पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम एक प्रयोग केला: भर दुपारी एका काळ्या डागावर ओंजळभर पाणी शिंपडलं आणि भिंग लावून बसले. थोड्या वेळात डाग फुगला, मऊ झाला, काळ्यातून हिरवट झाक दिसायला लागली. हेच फुगणं-आकसणं पावसाळ्यात रोज चालतं आणि दगडाच्या वरच्या पापुद्र्याला ते ओढत राहतं. वाळलेल्या अवस्थेत त्यांच्यावर काहीही ओता, आत शिरत नाही. आम्ही वरची साल काढली, मूळ वस्ती खाचांत शाबूत राहिली आणि वर तिला राहायला नवी छिद्रं करून दिली.

एवढं कळलं तरी उत्तर भिंतच इतकी हिरवी का, हे मला कळलं नव्हतं. उत्तरेला ऊन कमी, हे मी स्वतःला सांगत होते. ते खरंही आहे. पण ते पुरेसं नव्हतं.

उरलेलं नानांनी दाखवलं. नाना आमच्या भागातले जुने पाथरवट-गवंडी, पाटे-वरवंटे टाकवण्यापासून विहिरी बांधण्यापर्यंत सगळं केलेले. अश्विनात त्यांना बोलावलं. त्यांनी भिंतीला हात लावला नाही. देवळाभोवती दोन चकरा मारल्या, तंबाखू मळली आणि म्हणाले, "बाई, पाणी वरतून यी राह्यनं, अन तुम्ही खाले घशी राह्यनात."

मग शिडी लावून ते छतावर चढले. मलाही चढायचं होतं. बाईमाणसानं देवळाच्या डोक्यावर चढावं का, यावर गावात दोन दिवस चर्चा झाली. शेवटी गुरवबाबांच्या घरातूनच निकाल आला. त्यांची बायको म्हणाली, दरवर्षी कळसाला निशाण लावायच्या आधी वरचा कचरा कोण काढतं ते विचारा तुमच्या पंचांना. चर्चा संपली.

वरचं दृश्य मी विसरणार नाही. छतावर पंधरा-वीस वर्षांपूर्वी सिमेंटचा थर दिला होता, गळती थांबावी म्हणून. त्याला भेगा पडल्या होत्या. भेगांतून पाणी आत जात होतं, पण सिमेंटखालून बाहेर यायला त्याला वाट नव्हती. नानांनी छिन्नीनं ताटाएवढा तुकडा उचलला. पावसाळा संपून तीन आठवडे झाले होते, तरी खाली चिखल. जुन्या चुन्याच्या कोब्याची मुठीत माती होत होती. त्यात पिंपळाच्या मुळांचं जाळं, गोधडीच्या टाक्यांसारखं दाट. पाणी तिथं साठून दगडांच्या सांध्यांतून हळूहळू उत्तरेकडं उतरत होतं, कारण छताचा उतारच तिकडं होता. मूळचे पाण्याचे दोन पन्हाळे सिमेंटवाल्यानं प्लास्टर करताना बुजवून टाकले होते.

हे झालं वरचं. खालचं पाणी आम्हीच घालत होतो.

शाळुंकेचं पाणी गोमुखातून बाहेर पडतं. ते गोमुख उत्तरेला. श्रावणात दिवसाला किती कळशा, किती दूध-दही-मध वाहिलं जातं याचा हिशेब नाही. गोमुखाच्या आतली पन्हळ बेलाच्या कुजलेल्या पानांनी तुंबली होती. लांब तार घालून ओढलं तर काळा, आंबूस गोळा निघाला, त्यात अगरबत्तीच्या काड्या, एक रुपयाचं नाणं आणि चांदीची एक जोडवी. पन्हळ तुंबली म्हणजे अभिषेकाचं पाणी गर्भगृहाच्या जोत्यातच मुरणार. तेही साधं पाणी नव्हे, दूध-दह्याचं. बुरशीला पंगतच. शिवाय गेल्या काही वर्षांत बोअरवेल झाल्यापासून एक उत्साही मंडळ रोज सकाळी पाईप लावून देऊळ आतून-बाहेरून धूत होतं. भक्तीच ती, तिला नाव कसं ठेवणार? पण गावात प्यायला टँकर येतो तेव्हाही देऊळ रोज न्हात होतं, हे मात्र मी बैठकीत बोलून दाखवलं. बोलणं झोंबलं, आणि पाईप बंद झाला. आता केरसुणी आणि ओलं फडकं.

गुरवबाबांशी दुधाचं बोलणं नाजूक होतं. मी अभिषेक कमी करा म्हटलं नाही. एवढंच विचारलं, की दूध पिंडीवरून वाहून गेल्यावर घंगाळात धरता येईल का. बाबांनी गोमुखाखाली दगडी कुंडी ठेवली, तिच्यातून पाणी चराने पार कडुनिंबाखाली नेलं. भिंतीपासून आठ हात लांब. हा चर खणायला गावातल्या पोरांना अर्धा दिवस लागला. एवढ्या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त फरक कशानं पडला असं कुणी विचारलं तर मी या अर्ध्या दिवसाचं नाव घेईन.

छताचं काम मोठं. पौषात सिमेंट काढलं. यंत्र लावायचं नाही, ब्रेकरचे हादरे बिनचुन्याच्या बांधणीला सोसत नाहीत, असं नानांचं ठाम मत. सगळं छिन्नी-हातोडीनं. कळीचा चुना आणून टाकीत भिजवला, तीन आठवडे पाण्याखाली ठेवला. लोण्यासारखा झाला. एक भाग चुना, एक भाग सुरखी म्हणजे विटांची पूड, एक भाग चाळलेली वाळू, आणि नानांचा हट्ट म्हणून गुळाचं पाणी आणि बेलफळाचा गर. गूळ म्हटल्यावर मी दचकले. बुरशी घालवायला निघालो आणि तिच्यासाठी गोडधोड करतोय का? नाना हसले. "चुनामा काय उगी बाई?" आणि बरोबर होतं त्यांचं. ताज्या चुन्याचा पीएच बाराच्या वर असतो, त्यात काही तग धरत नाही. पुढं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो सावकाश दगड बनतो तोवर गूळ गूळ राहिलेला नसतो. कोबा पसरून लाकडी थाप्यांनी चोपायचा, दिवसभर, बायका-पुरुष दोन ओळींत बसून. माघातच उरकलं, कारण फाल्गुनानंतर आपल्याकडचं ऊन चुन्याला ओला राहू देत नाही आणि मग त्याला तडे जातात. तीन आठवडे गोणपाट अंथरून पाणी मारत होतो. पन्हाळे पुन्हा मोकळे केले, त्यांना दीड वीत पुढं आलेल्या दगडी जिभा बसवल्या, म्हणजे पाणी भिंतीवरून ओघळण्याऐवजी लांब पडेल.

झाडांची गोष्ट वेगळी सांगते, कारण तिच्यात मुंजा आहे.

पिंपळ, वड, उंबर यांची फळं पक्षी खातात. कोकीळ, मैना, बुलबुल. बी त्यांच्या पोटातून सहीसलामत बाहेर पडतं आणि विष्ठेबरोबर बरोबर अशा फटीत जातं जिथं ओल आहे. पहिल्या दोन वर्षांत रोप बोटभर दिसतं, मुळं मात्र हातभर आत गेलेली असतात. बिनचुन्याच्या बांधणीत त्यांना अडवायलाच कुणी नाही. मूळ जाड होत जातं तसा दगड जागचा हलतो. आमच्या देवळावर अश्विनात मोजली तेव्हा लहानमोठी एकतीस रोपं होती आणि नैर्ऋत्य कोपऱ्यात एक मांडीएवढा पिंपळ.

लहान रोपं काढायची वेळ म्हणजे पाऊस नुकताच उघडलेला असतो तेव्हाची. फटीतली माती ओली असते, मूळ हलक्या हातानं सबंध निघून येतं. उन्हाळ्यात ओढलं तर वरचा भाग तुटून हातात येतो आणि खालून दोन नवे फुटवे फुटतात. गावात दरवर्षी आखाजीला हेच चाललं होतं. छाटणी म्हणून करायचो आणि झाड आणखी दाट व्हायचं.

मोठ्या पिंपळाला हात लावायला कुणी तयार होईना. गुरवबाबांनीच बजावलं, "पिंपयले हात लावशात ते मुंजा लागी." मी चेष्टा केली नाही. माझ्या आईनंही मला दिवेलागणीनंतर पिंपळाखाली कधी जाऊ दिलं नव्हतं. तोडगा बाबांनीच काढला. भिंतीतून निघालेल्या रोपांपैकी पाच नदीकाठी लावायची, त्यांना पार बांधायचा आणि नारळ देऊन मुंजाला सांगायचं की तुझं घर आता इकडं. भिंतीतनं उपटलेली ही रोपं चिवट, पाचातली चार जगली. आता ती माझ्या खांद्याला लागतात.

त्यानंतर पिंपळ कापला. मूळ ओढून काढलं नाही, ही गोष्ट फार महत्त्वाची. ते ओढलं असतं तर कोपराच खाली आला असता. फांद्या थोड्या थोड्या उतरवल्या, खोड दगडाच्या जवळ कापलं आणि पांढरा चीक पुसून लगेच, अगदी दहा मिनिटांच्या आत, ताज्या कापावर तणनाशकाचा बोळा फिरवला. चीक वाळून कापावर पापुद्रा धरला की औषध आत जात नाही. हे तणनाशक म्हणजे ग्लायफोसेट. ते वापरण्यावर २०२२ पासून बंधनं आली आहेत, म्हणून परवाना असलेला माणूस बोलावला. भिंतीत राहिलेली मुळं सावकाश कुजणार आणि त्यांच्या जागी पोकळी होणार. ती पातळ चुन्यानं भरत जायचं, एकदम नाही. हिंगाचा डबा भरावा तसं थोडं थोडं.

आता भिंत धुवायची ना? असं पंच विचारायला लागले. मी म्हटलं, एक पावसाळा थांबा.

यावर मी जेवढं बोलणं ऐकलं तेवढं अ‍ॅसिडच्या चुकीवरही ऐकलं नव्हतं. वर्गणी घेतली, छतावर खर्च केला आणि समोरून देऊळ जसंच्या तसं काळं. कोबा कुणाला दिसतो? पण पाण्याच्या वाटा बदलल्यावर भिंत स्वतः काय करते ते पाहायचं होतं. त्या श्रावणात दर सोमवारी मी हिरव्या भागाची वरची कड खडूनं आखली. आदल्या वर्षी हिरवाई छज्ज्यापर्यंत चढली होती. या वर्षी जोत्याच्या वरच्या दोन थरांच्या पुढं गेली नाही. भाद्रपदात आम्ही सगळे ती खडूची रेघ बघायला उभे होतो. सरपंच आप्पांनी ती बोटानं पुसून पुन्हा स्वतःच्या हातानं काढली. का, ते त्यांनाच ठाऊक.

धुणं मग अश्विन-कार्तिकात. शैवाल ओलं, जागं, आणि पुढं पाऊस नाही. मागच्या अंगाला, कुणाला सहज दिसणार नाही अशा ठिकाणी, वीतभर चौकटी आखून आधी तपासणी केली. एकीत नुसतं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. दुसरीत दोन टक्के अमोनिया आणि थोडा साबणासारखा सौम्य द्रव. तिसरीत बेंझाल्कोनियम क्लोराइड. हे जंतुनाशक कोळंबीच्या तळ्यांत वापरतात, पन्नास टक्क्यांचं मिळतं. एक लिटर द्रावणात चाळीस मिली घातलं की दोन टक्के झालं. तीन आठवडे थांबलो. हिरवा बुळबुळीत थर नुसत्या पाण्यानंच गेला होता. मला हसू आलं, पहिल्या वर्षी आम्ही काय काय ओतलं होतं! काळा थर पाण्यानं निम्मा गेला, अमोनियानं त्याहून बरा. बेंझाल्कोनियमच्या चौकटीत काही घासायचीच गरज पडली नाही. थर तपकिरी पडला, वाळून सुटला, कोरड्या ब्रशनं झडला.

म्हणून मग बहुतेक भिंतीला फक्त पाणी आणि ब्रश. वरून खाली न जाता खालून वर भिजवत जायचं, म्हणजे मळकट ओघळ कोरड्या दगडात शिरत नाहीत. जिथं काळा थर जाड होता तिथंच औषध, तेही कुंचल्यानं. हे द्रव्य माशांना घातक आहे आणि पांझरा समोरच, त्यामुळं भिंतीच्या पायथ्याशी मातीचा बांध घातला, धुवण बादलीनं उपसून लांब शेतबांधावरच्या खड्ड्यात नेलं. हातमोजे, चष्मे. पोरांना चष्मे आवडले. मूर्तींच्या चेहऱ्यांना, बोटांना, दागिन्यांच्या कोरीव कामाला ब्रश लावलाच नाही. बांबूची काडी आणि ओला कापूस. एका सुरसुंदरीच्या पैंजणात मी आणि बाबांची नात मिळून अख्खी दुपार घालवली.

छतालगतच्या थरांवर पांढरट-राखाडी आणि नारिंगी वर्तुळं होती. दगडफुलं. बुरशी आणि शैवाल एकत्र संसार करतात तो हा प्रकार. ती ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, त्यांचे धागे दगडाच्या कणांत शिरतात, हे खरं. पण ती वर्षाला मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या चालीनं वाढतात. थाळीएवढी वर्तुळं म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठी. ती ओरबाडली तर दगडाचा पापुद्रा घेऊनच निघणार. ठेवून दिली. शेजारच्या आजींनी तेवढ्यात विचारलं, "माय व, हाई दगडफूल मसालाले चाली का?" काळ्या मसाल्याचे दिवस जवळ आले होते आणि बाजारातला भाव त्यांना परवडत नव्हता. मसाल्यातलं दगडफूल पानासारखं, कडा सुटलेलं असतं. हे दगडाला मेणासारखं चिकटलेलं. वेगळी जात, आणि आता तर औषधाचे शिंतोडे उडालेले. आजींना पटलं नाही. त्या अजून म्हणतात, बाईंनी सगळं स्वतःच्या मसाल्याला राखून ठेवलं.

काम संपत आलं तेव्हा एक गृहस्थ पारदर्शक लेप घेऊन आले. एकदा मारला की दहा वर्षं पाणी शिरणार नाही, शेवाळ येणार नाही, दगड ओल्यासारखा चमकेल. पंच भुलले होते. मी त्यांना अजिंठ्याचं सांगितलं, ते आपल्याला जवळचं. १९२० ते १९२२ च्या दरम्यान निजामानं इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे तज्ज्ञ बोलावले. त्यांनी चित्रं जपायची म्हणून त्यांवर लाखेचा लेप दिला. त्या काळचं उत्तम ज्ञान वापरून, चांगल्या हेतूनं. लेप पिवळा पडला, त्यावर धूळ बसली आणि पुढं कित्येक वर्षं रसायनतज्ज्ञ तो लेपच काढत बसले. आमच्या भिंतीत पायाकडून थोडी ओल कायम चढणारच. वरून झाकण लावलं तर ती दगडाच्या कातडीखाली अडकेल, क्षार तिथंच फुगतील. छतावरच्या सिमेंटनं जे केलं तेच, फक्त चकचकीत. लेपवाले गृहस्थ चहा पिऊन गेले.

काही गोष्टी तशाच राहिल्या. आतल्या खांबांवर कधीकाळी दिलेला निळा ऑइल पेंट आहे. त्याखाली कोरीव काम आहे हे बोटांना कळतं, पण काढायचं धाडस माझ्यात नाही, ते जाणत्या संवर्धकाचं काम. जोत्याचे सिमेंटनं भरलेले सांधे पैसे जमतील तसे उघडतोय. अ‍ॅसिडनं पाडलेली छिद्रं आहेतच. हंसाच्या पंखावरची सतराच्या सतरा मी दर श्रावणात बघते. हिरवाई पहिल्यांदा तिथंच दिसते.

आता कामाचं कॅलेंडर भिंतीवर नाही, लोकांच्या अंगात बसलंय. मृगाच्या आधी पन्हाळे साफ. पहिल्या मोठ्या पावसात कुणीतरी छत्री घेऊन देवळाभोवती फिरायचं आणि पाणी कुठून ओघळतंय ते बघायचं. हे काम बाबांच्या नातीनं स्वतःकडं घेतलंय, वहीत चित्रं काढून आणते. दसऱ्याच्या आसपास रोपं उपटणं. पहिल्या वर्षी एकतीस होती, मग चौदा, गेल्या वर्षी सात.

नैर्ऋत्येच्या पिंपळानं मात्र दोनदा फुटवे काढले. पहिल्यांदा कापाखालून, दुसऱ्यांदा चार हात दूर, पूर्वेच्या फटीतून. तांबूस, कोवळी, टोकदार पानं. दोन्ही वेळा ताजा काप घेऊन बोळा फिरवला. गुरवबाबा म्हणतात मुंजाला नदीकाठ करमत नाही. नानांचं म्हणणं मूळ अजून गर्भगृहाच्या भिंतीत ओल पितंय, म्हणजे वरचं एखादं तोंड आपल्याकडून राहिलंय. चैत्रात ते पुन्हा वर चढणार आहेत. शिडी त्यांनी तोवर माझ्याच ओसरीत आणून ठेवली आहे.